पहिला पॅनकेक बोर्गहिल्डचा

रेल्वे बंद झाली तेव्हा आमच्या प्रेअरीच्या गवताळ मैदानातल्या गावाने रिकाम्या स्टेशनात म्युझियम काढलं आणि किल्ल्या बोर्गहिल्ड नेसच्या हाती दिल्या. तिला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती, हेच खरं कारण. बाई हट्टी, खवचट आणि पक्की चिक्कू. करपलेला पावही तिने कधी फेकला नाही. वाडवडिलांच्या वस्तू काचेमागे ठेवणं तिला पटत नसे. "वापरायच्या त्या. ओवाळायच्यात का?" म्हणायची. शाळेची मुलं आली की जुन्या लाकडी चुलीवर खरेखुरे पॅनकेक व्हायचे. पहिला ती खाणार, मान डोलवणार, मग मुलांनी हात लावायचा. मुलं तिला चळचळा कापत.

त्या जूनमध्ये मुलांची बस मीच घेऊन गेले होते. बेकिंग पावडर संपलेली, म्हणून बोर्गहिल्डने फळीवरचा एक गंजका डबा काढला. हौगेनांच्या शेतावरून आलेला. डब्यावर बेकिंग पावडरचं चित्र, आत पांढरी भुकटी.

"एवढी जुनी चालेल?" मी विचारलं.

"तू नि मी चालतोच आहोत ना?"

पहिला पॅनकेक खाताना तिने तोंड वाकडं केलं. "कडू झालाय. पावडर जास्त पडली." तरी ताटलीत कण ठेवला नाही. मुलांसाठी पाक आणायला ती आत गेली.

तेवढ्यात व्हर्ना हौगेन आली, डबा देणारी. टेबलाकडे बघून ती जागच्या जागी थांबली.

"हा स्वयंपाकात कसा? आमचे हे यात गोफर मारायचं विष ठेवायचे. उंदरांसारखी बिळं करून शेत पोखरतात ना मेले."

बोर्गहिल्ड दारात उभी होती. तिने ऐकलं.

"कोणी खाल्लं?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"खरं सांगा. रागावणार नाही."

त्या आवाजाला कोण खरं सांगणार? शेवटी एक बारकी मुलगी पुटपुटली, "कोणीच नाही, मिसेस नेस. तुम्ही मान डोलवली नव्हती."

बोर्गहिल्ड खुर्चीत बसली आणि हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. व्हर्ना फोन लावत होती. दवाखाना तासाभरावर.

मी बोर्गहिल्डजवळ गेले. तिची मान ताठ झाली होती, शब्द दातांमधून येत होते.

"मुलांना बसमध्ये ने. आत्ता. हे त्यांनी बघायला नको."

मी नेलं.