मिश्रीची दाढ

माझी उजवीकडची खालची दाढ आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीची होती. रविवारी मटण केलं की ताटातल्या नळ्या फोडून देणं हे माझं काम. मालकांचे दात दिसायला देखणे, पण कामाचे नाहीत. पोरांचे अजून कच्चे. नळी माझ्याकडं यायची, मी दाढेखाली धरायची, कट्ट आवाज व्हायचा आणि नळी ज्याची त्याला परत जायची. उष्टं-खरकटं आमच्यात एवढं कोण बघत नाही. त्यामुळं ती दाढ दुखायला लागली तेव्हा काळजी सगळ्या घराला होती. दुखत मात्र मला एकटीलाच होतं.

दोन हजार साल जवळ आलं होतं तेव्हाची गोष्ट. मालक कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कास्टिंगच्या कारखान्यात होते. त्यांचा डबा, पोरांची शाळा, धुणं, जेवणं हे सगळं उरकलं की दुपारी मी समोरच्या आक्काच्या पायरीवर.

आक्का नात्यानं कुणाची कोण नव्हती, पण सगळ्या गल्लीची आक्का होती. तिच्या दाराला रुंद दगडी पायऱ्या, दुपारी त्यांवर सावली. त्या सावलीत आम्ही बायका मिश्री लावत बसायचो. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. मग बोटावर घेऊन दातांना घासायची. दात स्वच्छ राहतात म्हणून घासायची, असं आम्ही म्हणायचो. दात स्वच्छ करायला सगळी दुपार कशाला लागते, हे आम्हाला कुणी विचारलं नाही.

सगळ्यांची मिश्री आक्काच भाजायची. तिचा तवा चढला की गल्लीच्या टोकापर्यंत माणसं खोकायची. कोपऱ्यावरच्या तालमीत पोरांचे जोर थांबायचे. तक्रार कोण करणार? त्यांच्या आया पायरीवरच बसलेल्या असायच्या.

पायरीचा एक नियम होता. मिश्री लावणारीच बसायची. एखादी नवी सून नुसतीच येऊन टेकली की आक्का विचारायची, "काय गं, बोट कोरडं का?" सून हसली की म्हणायची, "मग जा की. भांडी पडली असतील तुझी." त्यात राग नसायचा. हातात पत्ते नाहीत त्याला डावात कोण बसवतं? तसलाच प्रकार.

तर दाढ दुखायला लागली आणि मी चारचौघांसारखंच केलं. आधी लवंग. मग लवंगेचं तेल. मग हिंग. मालकांना कारखान्यात कुणीतरी कापूर सांगितला, तो कापसात गुंडाळून दाबला. कशानं काही होईना, तेव्हा आक्कानं मला उन्हाकडं तोंड करून बसवलं आणि आत डोकावून बघितलं.

"भोक पडलंय गं. मिश्री दाब त्यात. गच्च."

"आत जाईल की आक्का."

"आत जायलाच पायजे. कीड काय भाईर बसलीया व्हय?"

दाबली. खोटं कशाला सांगू, ठणका थांबला. म्हणून रोज दाबायला लागले. मग एक दिवस दाढ दुखायचीच बंद झाली. चहा कळेना, गार पाणी कळेना. आक्कानं गल्लीभर सांगितलं, कीड मेली. पुढं दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मेली ती कीड नव्हे, दाढेची नस. म्हणजे कुणीतरी मेलं होतं, एवढं आक्काचं बरोबर होतं.

महिना-दीड महिना सुखात गेला. नंतर एका सकाळी उठले तर उजवा गाल टम्म आणि डोळा बारीक. मालक चहा पीत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "पोळी धरलीस काय तोंडात?"

मी म्हटलं, "अवो, तोंड उघडत न्हाय."

"असू दे," म्हणाले. दोन घोट आणखी घेतले. मग काय ऐकलं ते त्यांच्या ध्यानात आलं आणि चहा तसाच ठेवून त्यांनी चपला घातल्या.

आमच्या घरात दाढ दुखली म्हणजे उपटायची. तिसरा मार्ग कुणाला माहीत नव्हता. पहिला म्हणजे लवंग. सासूबाईंनी एकेक करत सगळे दात काढून टाकले होते. तेव्हापासनं त्या भाकरी दुधात कुस्करून खायच्या आणि रविवारी नुसता पांढरा रस्सा प्यायच्या. वाटी तोंडाला लावून आमच्या ताटांतल्या फोडींकडं बघत राहायच्या. ते बघणं मी दर रविवारी बघत होते. आक्का म्हणाली, "उपटून टाक. दाढ हाय ती, म्हस न्हाय सांभाळायला." पण मला ती सांभाळायची होती.

मालक मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. त्या गडहिंग्लजकडच्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. आधी गोळ्या देऊन त्यांनी सूज उतरवली. दाढेचा एक्स-रे फोटो काढला. मग त्या आडव्या होणाऱ्या खुर्चीत मला निजवलं, इंजेक्शन दिलं, आणि दाढेतनं एकेक वस्तू चिमट्यानं काढून ताटलीत ठेवायला लागल्या.

"हा कापूस."

मी आ करून पडलेले. मान हलवली.

"ही लवंग ना काकू?"

मान हलवली.

"आणि हे काळं काय आहे?"

इथं मान हलवून भागेना. त्यांनी माझ्या तोंडातली थुंकी ओढायची नळी बाजूला घेतली. मी म्हटलं, "मिश्री."

"वरून लावता?"

"वरूनबी."

त्यांनी ताटलीकडं बघितलं. दाढेतली किराणा दुकानाची शाखा त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच बघितली असावी. मग खुर्ची उभी केली आणि मला नीट समजावून सांगितलं. आतली नस मेलीय, पू झालाय, पण मुळं धड आहेत. मुळांतल्या बारीक वाटा सुयांनी साफ करायच्या, औषध ठेवायचं, पुन्हा यायचं, पुन्हा साफ करायच्या, मग भरून वर टोपी बसवायची. दाढ राहील. "पण काकू, मिश्री बंद. हिरड्या सुटायला लागल्यात तुमच्या. मी आतून वाचवायची आणि तुम्ही बाहेरून घालवायची, असं असलं तर आत्ताच उपटते. तुमचाही हेलपाटा वाचेल."

बाहेर आल्यावर मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "कळलं. ब्लो होल. कास्टिंगमधे हवा राहिली की पोकळी पडती. बारकी असली तर भरून घ्यायची, मोठी असली तर जॉब, म्हंजे तो ओतलेला तुकडा, परत भट्टीत."

"मग माझा जॉब?"

"मॅडमनी पास केलाय. आता तू रिजेक्ट करू नगंस."

सांगायला सोपं होतं. त्यांना पायरी नव्हती. दाढ ठेवायची तर मिश्री सोडायची, आणि मिश्री सोडली की पायरी सुटली. अख्ख्या दिवसात तेवढी एकच जागा अशी होती, जिथं मला कुणी पाणी मागत नव्हतं.

मी एक युक्ती केली. माझ्या मिश्रीच्या डबीत काळं दंतमंजन भरलं आणि दुपारी जाऊन बसले. बोटावर घेतलं, घासायला लागले. थोड्या वेळानं आक्का म्हणाली, "वास न्हाय येत गं तुझ्या मिश्रीला."

"सर्दी झाली असंल तुला."

"नाकाला झाली असंल. डोळ्याला न्हाय. मगापासनं तू थुकायला उठली न्हाईस." तिनं हात लांब करून डबी घेतली, चिमूट जिभेवर ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, "गोड हाय." मग माझ्याकडं बघून, त्याच सुरात, जशी नव्या सुनेला विचारायची तशी, "काय गं, बोट कोरडं का?"

मी म्हटलं, "भांडी पडल्यात माझी." आणि उठले.

भांडी घासून झालेली होती. मी माझ्या उंबऱ्यात बसले. मधे गल्ली, पलीकडं पायरी. बोललेलं निम्मं ऐकू यायचं, तेही कुणाची सून हे कळायचं, काय केलं हे कळायचं नाही. असे कितीतरी दिवस काढले. डाळीच्या डब्यामागं खरी डबी होतीच. एकदा काढली. बोटावर घेतली पण. तेवढ्यात सासूबाई आतनं म्हणाल्या, "दाढ बरी हाय का गं?" त्यांना मी दिसत नव्हते, त्यांनी आपलं सहज विचारलं. मी बोट धुतलं आणि डबी चुलीत रिकामी केली. घरभर खोकला झाला.

त्यानंतरच्या खेपेला बाईंनी इंजेक्शन जरा जास्त दिलं असावं. परत आले तर निम्मं तोंड माझं नव्हतं. ओठ एका बाजूला लोंबत होता. गल्लीतनं येताना पायरीवरून आक्काची हाक आली.

"अगं ये! तोंड वाकडं का तुझं? काय केलं त्या पोरीनं?"

"शुया घातल्या," मी म्हटलं.

"कशात?"

"दाढंत."

आक्का सरकली. पायरीवर जागा झाली. बोट कोरडं का, हे तिनं विचारलं नाही. मी बसले आणि सांगायला लागले. खुर्ची कशी मागं जाते, पाण्याच्या टाकीत टाकतात त्या पावडरीसारखा वास कसा येतो, केसासारख्या सुया एकामागनं एक कशा आत जातात आणि दाढेला काही म्हणजे काही कळत नाही. ओठ बधिर, त्यामुळं सावकाश सांगावं लागत होतं.

सांगता सांगता मी मधेच थांबले. सवयीनं थांबले. पायरीवर एवढी वर्षं बसले, पण माझं एकही बोलणं पुरं झालेलं मला आठवत नव्हतं. आपण निम्मं बोलावं, तोंड भरलं की थुंकायला उठावं, तोवर दुसरीनं तिचं सुरू करावं, अशी तिथली रीत. तर कुणीतरी तोडणार म्हणून मी थांबले. कुणी तोडलं नाही. सगळ्यांची तोंडं भरलेली, माझं एकटीचं रिकामं. सगळ्याजणी बोट दातावर ठेवून माझ्याकडं बघत होत्या. म्हणून मी पुढं सांगितलं.

शेवटाला आक्का उठली, गटारीत थुंकून आली आणि म्हणाली, "त्या सुया समद्या भाईर आल्या का? एखादी आत ऱ्हायली आसंल तर?"

"पुढच्या खेपेला विचारते की."

"ईचार."

विचारलं. बाई म्हणाल्या, "सगळ्या बाहेर आहेत काकू. पण हे तुम्हाला विचारायला कुणी सांगितलं?" तेही मी पायरीवर येऊन सांगितलं. आक्काला बरं वाटलं.

अशी एकेक खेप झाली. प्रत्येक खेपेचं मी सांगायची आणि पायरीवर बसायची. मग एक दिवस दाढ भरली आणि त्यावर टोपी बसली. बाईंनी आरशात दाखवली, चांगली चकचकीत. म्हणाल्या, "झालं. आता यायची गरज नाही. फक्त हाडं फोडू नका." त्या रविवारपासनं नळ्या मालकांनी पकडीनं फोडायला घेतल्या आणि निम्मा रस्सा भिंतीवर गेला. मी माझ्या फोडी त्याच दाढेनं चावून खाल्ल्या. सासूबाईंनी बघितलं. मी त्यांना एक अगदी मऊ फोड बारीक करून दिली.

पण दुपारी माझ्या ध्यानात आलं, आता माझ्याकडं सांगायला काही नाही. दाढ संपली. बोट कोरडंच होतं. मी आपली गुमान उंबऱ्यात बसले.

पलीकडनं आक्का म्हणाली, "आज काय?"

"काय न्हाय. झालं की समदं. टोपी बसली."

आक्कानं बोट तोंडातनं काढलं. "तुझं झालं. तिथं दुसरी माणसं आली नव्हती व्हय?"

आली होती. कुरुंदवाडचे एक पावणं होते, पडलेला दात रुमालात बांधून आणलेले आणि परत बसवून द्या म्हणून भांडत बसलेले. मी गल्ली ओलांडली, पायरीवर टेकले आणि त्यांचं सांगायला सुरुवात केली. पावणं, दात, रुमाल एवढं झालं असेल नसेल, तेवढ्यात आक्का उठली, गटारीत थुंकली, तोंड पुसलं आणि परत येऊन बसत म्हणाली, "थांब. पयल्यापासनं सांग. रुमाल कसला हुता?"