पैलवानाचा लंगोट

सोनईच्या बाजारात आसाराम पैलवान दिसले की माणसं आजही बाजूला सरून वाट देतात. वय सत्तरीला टेकलं, गुडघे कुरकुरतात, पण छाती काही आत जायला तयार नाही. कुस्ती सुटून जमाना झाला तरी लंगोट मात्र अंगावरून सुटला नव्हता. बायको मनकर्णाबाई धुवायला मागायच्या, तर तेही नाही. स्वतःच धुणार, स्वतःच वाळत घालणार. तालमीतली पोरं म्हणायची, काय ही निष्ठा!

डोंबलाची निष्ठा! पैलवानांना अंतर्गळ होता. जांघेत आतडं उतरायचं, ते आडवे पडून हातानं आत सारायचे आणि वरून लंगोट कसायचे. जन्मभर दुसऱ्यांना चीत केलेल्या माणसानं असल्या जागी फुगवटा आला म्हणून दवाखान्यात जायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. या लाजेपायी त्यांनी बायकोलाही पत्ता लागू दिला नाही.

मग एका सकाळी पोट फुगलं, ओकारी थांबेना. मनकर्णाबाईंनी रिक्षात घालून त्यांना थेट उझ्माच्या दवाखान्यात नेलं. उझ्मा ही हैदर पैलवानांची लेक. हैदर आणि आसाराम एकाच तालमीच्या मातीत वाढलेले. लहानपणी उझ्मानं जत्रेतल्या कुस्त्या आसारामकाकांच्या खांद्यावर बसून पाहिल्या होत्या. आता ती सर्जन झाली होती.

तिनं पोट तपासलं, एक्स-रे काढला. आतडं कुठंतरी अडकलंय एवढं दिसलं, पण कुठं ते कळेना. अशा वेळी आधी जांघ बघायची, हा सर्जरीतला पहिलीचा धडा. उझ्माचा हात लंगोटापाशी आला आणि अडखळला.

"काका, खाली कुठं गाठ-बिठ?"

"न्हाई गं पोरी. दहाव्याचं जेवन बाधलंय."

पैलवान चक्क खोटं बोलले, आणि उझ्मानं सुटले बाई म्हणत ते खरं मानलं. नाकातून नळी घातली, सलाईन लावलं.

संध्याकाळी नाडी पळायला लागली, पोट ढोलासारखं ताणलं. उझ्माला स्वतःचीच शरम वाटली. मनकर्णाबाईंना बाहेर बसवून तिनं दार लावलं.

"काका, लंगोट सोडा."

पैलवानांनी दोन्ही हातांनी तो गच्च धरला. "मेलो तरी चालंल. तुज्या बापाला काय तोंड दाखवू?"

"सकाळी मी पोरगी म्हणून लाजले, काका. चुकलं माझं. आता डॉक्टर म्हणून बघू द्या, नाहीतर खरंच मराल."

पैलवानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि हात बाजूला केले. जांघेत टणक, निळसर गोळा होता. हात लागताच पैलवान ओरडले, आणि ओरडल्याचीही त्यांना लाज वाटली.

नगरहून भुलीचे डॉक्टर बोलावून उझ्मानं लगेच ऑपरेशन केलं. वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापून जोडावं लागलं. बाहेर येऊन तिनं मनकर्णाबाईंना काहीही न लपवता सांगितलं: काका वाचतील, पण सकाळीच बघितलं असतं तर कदाचित आतडं कापावं लागलं नसतं. सांगताना तिची मान वर होईना.

मनकर्णाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तुमी दोगं लाजत बसला, आन् हितं माजं कुकू चाललं हुतं."



टाके काढायच्या दिवशी पैलवान काठी टेकत आले. मुकाट्यानं टेबलावर आडवे झाले. उझ्मा रिवाजाप्रमाणे मनकर्णाबाईंना बाहेर थांबायला सांगायला वळली, तोच पैलवानांनी हाक मारली.

"ऱ्हाऊ दे तिला आत. तिलाबी ऐकू दे." त्यांची नजर छताकडे होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पोरी, दुसऱ्या अंगालाबी हाय."