कांगारूला कॅरिअर

मी माझ्या मुलीच्या नव्याकोऱ्या बीएमएक्स सायकलला कॅरिअर बसवलं.

नुसतं कॅरिअर बसवून थांबलो असतो, तर घरातला अबोला दोन-चार दिवसांत मिटला असता. पण मी पुढचं मडगार्ड, मागचं मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, घंटी, डायनामोचा दिवा आणि हँडलला भाजीची टोपली असा पूर्ण साज चढवला. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कल मात्र लागते!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नुकतेच सानपाड्याला राहायला आलो होतो. सोसायटीतल्या झाडून सगळ्या पोरांकडे 'कांगारू' कंपनीची बीएमएक्स होती. आमची कन्या मुग्धा हिने गणितात पास होऊन (घरात पहिल्यांदाच हा प्रकार घडत होता, माझ्यासकट) तीच सायकल मागितली. वाशीच्या दुकानात शेठने ती बाहेर काढली तेव्हा मला वाटलं, अजून जोडायची राहिलीय.

"बाकीची कुठाय?" मी विचारलं.

"बाकीची काय, साहेब? एवढीच असते."

"मडगार्ड नाही, स्टँड नाही. अर्धी सायकल गळ्यात मारताय होय?"

शेठने खुर्ची ओढली आणि मला कांगारू कंपनीचा इतिहास सांगायला घेतला. कंपनीचे म्हातारे मालक दूधवाल्यांसाठी काळ्या, दणकट सायकली बनवायचे. दोन्ही बाजूंना कॅन लटकवले तरी कॅरिअर वाकायचं नाही. मग मालकांचा मुलगा अमेरिकेला जाऊन आला. तिकडची पोरं मोटारसायकलवाल्यांची नक्कल करत मातीच्या ढिगांवरून सायकली उडवताना त्याने बघितली. परत आल्या आल्या त्याने बापाच्या सायकलीचं कॅरिअर काढलं. बापाने बोलणं सोडलं. त्याने मडगार्ड काढली. बापाने जेवण सोडलं. त्याने स्टँड काढला, तेव्हा बाप घर सोडून हरिद्वारला गेला! पण उरलेली सायकल अशी काही उडाली, की गिऱ्हाइकांची रांग लागली आणि म्हातारा पुढच्या गाडीने परत आला.

"काढत काढत कंपनी मोठी झाली, साहेब," शेठ म्हणाला. "घरी नेऊन काय पण बसवू नका."

(बसवू नका! आणि हे कुणाला? ज्याने टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि त्या पिशवीला रबरबँड लावला होता, त्याला!)

माझी सगळी सहानुभूती त्या म्हाताऱ्याकडे. मुग्धा शाळेत गेल्याबरोबर मी सायकल तुर्भ्याच्या एका पंक्चरवाल्याकडे नेली. कंपनीने पिढी खर्ची घालून जे जे काढलं होतं, ते आम्ही दोघांनी एका दुपारी परत बसवलं. शेवटचा नट आवळून तो मागे सरकला आणि म्हणाला, "साहेब, आता हिच्यावर चूल मांडा. संसार व्हईल."

मुग्धाने घरी येऊन सायकल बघितली आणि दप्तर खाली टाकलं.

"बाबा! रविवारी रेस आहे! ढिगावरून उडी मारायचीय!"

"मग मार की. मडगार्ड आहे, अंगावर माती उडणार नाही."

"आणि ही टोपली?"

"कांगारूला पिशवी असतेच! उलट कंपनीच विसरली होती."

सोसायटीच्या मागे रस्त्याच्या कामासाठी मुरमाचा भलामोठा ढीग टाकला होता. रविवारी सकाळी अख्खी पलटण तिथे जमली. मुग्धा पहिल्यांदाच मुलांच्या रेसमध्ये उतरणार होती. ती दिसताच बी विंगमधला बंटी ओरडला, "दूधवाली आली रे! ताई, अर्धा लीटर गाईचं!"

पोरं पोट धरून हसली. मुग्धाने रागाने सायकल जमिनीवर ढकलून दिली. पण ती पडेना. (स्टँड होता ना!)

"मी नाही चालवणार. आधी सगळं काढा!"

"काही काढायचं नाही. सायकल फर्स्ट क्लास आहे. थांब, मीच दाखवतो."

वरून गॅलरीतून आमची ही ओरडली, "अहो, पोरं उडवतात त्या ढिगावर सायकल! हेडक्लार्क नाही!"

पण मी बसलो होतो. गुडघे कानाला लागत होते. बंटी आणि मंडळींनी नको तितक्या उत्साहाने मागून धक्का दिला आणि मी थेट ढिगाच्या माथ्यावर पोचलो. तिथून सगळं सानपाडा दिसलं. क्षणभर वाटलं, थांबावं. सायकलला तसं वाटलं नाही.

उतारावर कांगारू कंपनीचा इतिहास पुन्हा घडला. आधी टोपली गेली. मग कॅरिअर. मग दोन्ही मडगार्ड एकमेकांचा निरोप घेत दोन दिशांना गेली. स्टँड आपोआप खाली आला, त्याने ढिगात नांगरासारखी एक रेघ ओढली आणि तो तुटला. चेनकव्हर माझ्या पँटचा पाय सोबत घेऊन गेलं. भर उन्हात डायनामोचा दिवा लख्ख पेटला, घंटी न वाजवता वाजायला लागली, आणि मग दोघांनीही रजा घेतली! शेवटी सायकल इतकी हलकी झाली, की खरोखरच उडाली.

मी नाही उडालो.

मुग्धा धावत आली. मी मुरमातून हात वर केला. ती हाताला वळसा घालून सायकलकडे गेली!

"बाबा, बघा ना! आता कशी मस्त दिसतेय!"

आणि निघाली की ती रेसला. ढिगावरून तिची सायकल सुटली, माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली आणि बंटीच्या पुढे टेकली. आमची ए विंग गॅलऱ्यांमधून किंचाळत होती. सगळ्यांत जवळून ती उडी मी बघितली, आडवा पडून.

एवढ्यात ही खाली आली आणि टोपली उचलून तिच्यात एकेक तुकडा गोळा करायला लागली.

"फार नुकसान झालं का गं?" मी कण्हत विचारलं.

तिने उडणाऱ्या सायकलकडे बघितलं, टोपलीत बघितलं आणि मग सावकाश माझ्याकडे बघितलं.

"छे! फालतू होतं तेवढंच खाली पडलंय."