आधी चक्की शाकारा

नोराआजींना "कशा आहात?" असं विचारलं की उत्तर पवनचक्कीचं मिळायचं. "ग्रँड. फक्त डोकं जरा ओलं आहे." पहिल्या वेळी मी आल्याचा चहा घेऊन धावले. डोकं चक्कीचं निघालं. चहा मात्र आजींनी प्यायला, वर आलं कमी आहे म्हणाल्या.

इथे पोर्टलीश शहरात येण्याआधी, २०२० साली, आम्ही वेक्सफर्डच्या एका खेड्यात त्यांच्या शेजारी राहायला गेलो. त्यांच्या परसात जुनी पिठाची पवनचक्की होती: दगडी बुरूज, लाकडी पाती आणि वर पेंढ्याने शाकारलेली टोपी. आजींच्या आजोबांनंतर तिथे दाणा दळला गेला नव्हता, पण बाईंचा थाट असा की उद्या सकाळी दळण येणारच आहे. पेंढा उपसणाऱ्या कावळ्यांना त्या पातेलं बडवून हाकलायच्या. लॉकडाऊनमध्ये म्हाताऱ्या माणसांनी घरात बसायचं होतं. मी आठवण करून दिली, तर त्या चक्कीपाशी उभ्या राहून म्हणायच्या, घरातच आहे मी, फक्त दार उघडं आहे.

पुढच्या वर्षी शाकारणारा आला तो तोंड पाडूनच. चांगला पेंढा कुठे मिळेना. त्याच्याकडे एका छपरापुरताच होता. आजींचं घरही पेंढ्याचंच, आणि स्वयंपाकघरात गळायला लागलेलं. त्याने घराला शिडी लावली. आजींनी ती काढायला लावली.

मी चिडलेच. म्हटलं, आजी, त्या चक्कीत राहतं कोण? वय काय, हट्ट काय!

"घर गळलं तर मी बोंबलेन," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिच्या वतीने कोण बोंबलणार?"

चक्की शाकारली गेली आणि घरावर निळी ताडपत्री आली. डिसेंबरच्या वादळात ती ताडपत्री उडून गेली. आजींना आमच्याकडे आणायचंच, असं ठरवून मी तावातावाने निघाले. घरात जागोजागी टपटप चाललेली, आणि आजींचा पत्ता नाही. हाका मारत परसात पळाले आणि चक्कीचं दार ढकललं.

आत आजी खुर्ची टाकून, गुडघ्यांवर शाल घेऊन बसलेल्या. बाहेर वारा नुसता घोंघावत होता, आत टिपूस नव्हता. मला रडूच कोसळलं. त्या बाईवर माझा किती जीव होता ते तेव्हा कळलं.

त्यांनी माझ्या चिंब कपड्यांकडे पाहिलं आणि शाल पुढे केली.

"आत ये, पोरी. दारात कशाला भिजतेस?"