दुसरी मोजणी

होळीनंतरचा पहिला सोमवार, सकाळ. हजर: मी, शेजारच्या टेबलावर माझी सहकारी, आतल्या केबिनमध्ये लॅबचे मालक डॉक्टर, आणि काउंटरपलीकडे हथखोजच्या एका कारखान्यात वेल्डिंग करणारा तरुण पेशंट. गैरहजर: त्याची बायको. ती पद्मनाभपूरला माहेरी गेली होती, आणि ती परत येणार की नाही हे आमच्या एका आकड्यावर अडलं होतं.

त्याने दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. एक आमचा, भिलाईचा, महिन्याभरापूर्वीचा: शुक्राणू मिलीलीटरमागे सहा मिलियन, म्हणजे फारच कमी. दुसरा रायपूरच्या लॅबचा, नुकताच आलेला: अठ्ठावीस, म्हणजे अगदी ठीक.

"मॅडम, माणूस तर मी एकच आहो. मग हे कसं? सासरे म्हणून राहिले, भिलाईच्या रिपोर्टवर लिहिलं आहे का दोघांनी वेगवेगळं मोजलं. म्हणजे तोच असली. रायपूरवाला तू सेटिंग करून आणला."

"वेगवेगळंच मोजतो आम्ही," मी म्हणाले.

"हौ ना, दोघी मोजतो," शेजारून सहकारी म्हणाली.

वीर्याचा नमुना एकसारखा नसतो. कुठे दाट, कुठे पातळ. नीट न ढवळता थेंब उचलला, तो विरळ करताना पिपेटमध्ये कमीजास्त झालं, किंवा मोजायच्या चेंबरवर काच नीट बसली नाही, की आकडा कुठल्या कुठे जातो. मायक्रोस्कोपमध्ये बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त चौकोन दिसतात आणि त्यातले शुक्राणू. म्हणून दोघींनी आपापला थेंब घ्यायचा, आपापला विरळ करायचा, आपापलं चेंबर भरून मोजायचं आणि मगच आकडे समोरासमोर ठेवायचे. फरक जास्त आला तर दोन्ही टाकून पुन्हा पहिल्यापासून. लॅबमध्ये ही पद्धत मी लावली. भिंतीवर ती माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे, क्रमांक घालून.

तिलाही मीच शिकवलं. आमची मुलं बालवाडीत होती तेव्हापासून आम्ही एका खोलीत काम करतो. तिच्या लेकीच्या लग्नात बस्त्यापासून मंडपवाल्यापर्यंतच्या याद्या मी केल्या.

तिची एक सवय होती. माझं मोजून झालं की ती विचारायची, "ताई, तुमचं किती आलं?" चहा झाला का विचारावं, तसं. मी सांगायचे. मग ती थोडा वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायची आणि आपला आकडा सांगायची. तो माझ्या आकड्याच्या अगदी जवळ असायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा. डॉक्टर पेशंटला सांगायचे, "इन दोनों में फरक कभी आता ही नहीं." खरं तर शंका तिथेच यायला हवी होती. एकाच नमुन्याचे दोन थेंब इतके सारखे निघत नाहीत.

पेशंटला मी बाहेर बाकावर बसवलं. पुढचा नमुना दुसऱ्याच कोणाचा होता. माझी मोजणी एकेचाळीस आली.

"ताई, तुमचं किती आलं?"

"बावीस," मी म्हणाले.

ती डोळा लावून बसली. मी पिपेटा धुतल्या.

"माझं चोवीस," ती म्हणाली.

"परत मोज."

"कावून?"

"माझं एकेचाळीस आहे."

तिने मान वर केली आणि हसली. "काय ताई, परीक्षा घेऊन राहिल्या का माझी?"

मी तिला बाजूला सारून तिच्या मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. चौकोन स्वच्छ होते. चेंबर कोरडं होतं, सकाळी धुऊन ठेवलं होतं तसंच.

"कधीपासून?"

"आता काय सांगू." ती पदराशी चाळा करत राहिली. मग एकदम म्हणाली, "तुमचं कधी चुकतच नाही, ताई. मग मी कावून डोळे फोडू? इतका विश्वास कोणी ठेवते का कोणावर? तुमीच सांगा."

ती हे बचाव म्हणून बोलत नव्हती. मला बरं वाटावं म्हणून बोलत होती. मी चुकले तर पकडायला तिला तिथे बसवलं होतं. इतकी वर्षं मी एकटीच मोजत होते, आणि ते मला कळू नये म्हणून ती रोज माझ्या शेजारी येऊन बसत होती.

डॉक्टरांना सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले.

"मॅडम, एक ही आदमी का काउंट भी हर बार अलग आता है. नॅचरल वेरिएशन लिख देंगे."

ते खोटं नव्हतं. ताप येऊन गेला, परहेजाचे, म्हणजे नमुन्याआधी संबंध टाळायचे, दिवस कमी पडले, तरी आकडा पडतो. महिन्याभरापूर्वी त्याचा आकडा खरंच कमी होता, की माझ्या हातून थेंब चुकीचा उचलला गेला? हे दुसरी मोजणी सांगू शकली असती. ती झालीच नव्हती, आणि नमुना केव्हाच टाकून दिला होता.

परहेज पाळून त्याने आमच्याकडे पुन्हा नमुना दिला. या वेळी एक मोजणी मी केली आणि दुसरी डॉक्टरांनी, कुरकुरत. एकतीस आणि सव्वीस. फरक होता, चालेल इतका. मी नवा रिपोर्ट त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"कागद नको, मॅडम. हा तिसरा कागद झाला. सासरे म्हणतीन, हाही आणला कुठून तरी. तुमीच चला. सांगा त्यांना का पहिलं चुकीचं होतं."

"चुकीचं होतं असं मला म्हणता येणार नाही. पक्कं नव्हतं, एवढं म्हणेन."

"तेवढंच म्हणा. बस. तिला तरी ऐकू द्या."

मी हो म्हणाले.

त्याचे सासरे स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, इन्स्पेक्शनमधले. ते पहिला प्रश्न काय विचारतील ते मला माहीत आहे: दोघींनी मोजलं होतं ना? डॉक्टर म्हणतात, "वहाँ ये सब बोलोगे तो लॅब बंद समझो, और उसकी नौकरी भी गई." माझी सहकारी आता आपलं चेंबर भरते, मोजते, आणि मी विचारेपर्यंत आकडा सांगत नाही. दुपारी डब्यातली भाजी माझ्याकडे सरकवते. मी माझीच खाते. काल तिने विचारलं, "गेल्या का ताई, पद्मनाभपूरले?"

त्याचे फोन येतात. "या हप्त्यात येता का, मॅडम? तिचे बाबा वकिलाकडे जायचं म्हणून राहिले." मी म्हणते, येते.

या आठवड्यात विरळ करायचं द्रावण मागवलं, पिपेटा तपासायला पाठवल्या, भिंतीवरच्या पद्धतीत 'आकडा आधी विचारू नये' ही ओळ वाढवली. पद्मनाभपूरला जायचं राहिलं आहे.