आवडीचा हात की शटरचा नंबर?

गोमाजी फोटोग्राफर कष्टाळू माणूस, पण भलताच संशयी. चहा अगोड लागला की आधी वाण्याने साखरेत काय मिसळलं त्याचा तपास, मग चमचा फिरवून बघणार! महाडात त्याचं छोटं दुकान. फोटो तो काढायचा आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत त्याची बायको आवडी ते धुवायची. दहा वर्षं बरं चाललं होतं.

ऐंशी सालच्या वीस मार्चला घात झाला. त्या दिवशी चवदार तळ्यावर गावोगावची माणसं येतात, पांढरे कपडे घालून हौसेने फोटो काढून घेतात. त्या वर्षीचे सगळे फोटो जळाले. चेहऱ्यांच्या जागी नुसते पांढरे डाग.

"तुझं फोटो धुवायचं औषध गरम झालं असणार गो," गोमाजी म्हणाला.

"माठाच्या पाण्यात ठेवून गार केलेलं. माझा हात चुकला नाय."

"मग काय कॅमेरा चुकला?"

आवडीने हात पुसले आणि त्या दिवसापासून त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. गोमाजी स्वतः फोटो धुवू लागला. दुकानातल्या दिव्यांवर काढलेले झकास आले, मग तर त्याचा संशय पक्काच झाला. घरात बोलणं राहिलं ते मीठ-मिरचीपुरतं.

पुढचा मार्च जवळ आला तसा तो हादरला. एकट्याने एवढे फोटो धुवून होणार कसे? शेवटी घोडं पेंड कुठं खातंय ते बघायचंच, असं त्याने ठरवलं. बिरवाडीच्या चांगू रेडिओवाल्याकडून रेडिओच्या पोटातला, बोटाच्या पेराएवढा जुना काचेचा ट्रान्झिस्टर आणला. त्याचा काळा रंग ब्लेडने खरवडला, की त्याला उजेड कळायला लागतो. त्याला तारा जोडून एक काट्याचं मीटर लावलं. ग्रामोफोनच्या तबकडीवर पुठ्ठ्याची चकती बसवली, तिला मोजून फटी पाडल्या, कुठली सेकंदाच्या तिसाव्या भागाची, कुठली साठाव्या, कुठली अडीचशेव्या. फटीतून क्षणभर आलेल्या उजेडाने काटा किती चढतो, त्याच्या खुणा काचेवर केल्या. आठवडाभर दुकान बंद!

आवडी दारातून बघत होती.

त्याने कॅमेऱ्याची पाठ उघडली, पुढे दिवा, मागे ट्रान्झिस्टर. आधी शटरचा दुकानातल्या दिव्यांसाठीचा तिसाचा नंबर लावला, तो बरोबर निघाला. मग कडक उन्हासाठीचा अडीचशेचा. काटा चढला तो थेट साठाच्या खुणेवर. म्हणजे शटर चौपट वेळ उघडं राहत होतं. गोमाजीला मीटरचा संशय आला. तारा बदलल्या, फटी पुन्हा मोजल्या. काटा साठावरच.

चोर सोडून संन्याशाला फाशी! गोमाजी दाराकडे वळला.

"आवडे," तो म्हणाला, "तुझा हात बरोबर होता गो. शटरच अडकत होतं. चल, उद्यापासून तू धू."

आवडी आत आली. मीटरकडे बघत राहिली.

"वरीसभर मी सांगत व्हते, ते खरं नाय वाटलं. ह्या डबीनं सांगितलं ते खरं." मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "आणि काटा बरोबर अडीचशेवर गेला असता, तर मानलं असतं माझं?"

गोमाजीने तोंड उघडलं. मग परत मीटरकडे बघितलं.

"अवो," आवडी म्हणाली, "येक खोटं तरी बोला."