पश्चिमेच्या चरातली बेरिल

बेरिल हेम्ब्रोला साप आवडायचे असं मी म्हणणार नाही. तिला ते दिसायचे, एवढंच. आमच्या सॉमरसेटच्या पाणथळ सपाटीवर माणसं जन्मभर चरांच्या काठाने चालतात आणि त्यांना एकही साप दिसत नाही. बेरिल मात्र चालता चालता थांबायची आणि हनुवटी किंचित पुढे करून म्हणायची, "तो बघ, पेंढीखाली." मी बघत राहायचे. काळी माती, गेल्या सालची वाळकी लव्हाळी. मग त्या लव्हाळ्यातच एक पिवळं कडं दिसायचं, आणि त्या कड्याच्या पुढे लकाकणारा गोल डोळा. गवत्या साप.

विलोच्या झाडाचे फोक सोलून टोपल्या विणायच्या शेडमध्ये मी तिच्या शेजारी एकवीस वर्षं बसले. माझं नाव सुनंदा, पण पहिल्याच दिवशी तिने ते 'सुनी' करून टाकलं आणि अख्ख्या गावाने तेच उचललं. बेरिल अंगाने बारकी, बोटं मात्र गड्याची. पाठ गेली तेव्हा डॉक्टरांनी तिचं विणकाम बंद केलं. शेडमधल्या आम्ही सगळ्यांनी मिळून तिला एक कॅमेरा दिला. बागेतल्या फुलांचे फोटो काढेल, असं आम्हाला वाटलं होतं. तिने फुलांकडे ढुंकून पाहिलं नाही. मार्च सरताना ऊन तापायला लागलं की ती पहाटे चहाची बाटली घेऊन निघायची आणि चराच्या काठावर पोटावर पडून राहायची. पाठीला तेवढंच एक झोपणं सोसायचं.

तिचा भाऊ मर्व्हिन तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. बायको गेल्यावर तो बहिणीकडेच राहायला आला. पाणी खात्यात, चरांतलं पाणी अडवणाऱ्या दारांवर तो नोकरीला होता. वसंतात नदीचं पाणी चरांत सोडायचं, म्हणजे भरलेले चरच गुरांना कुंपण होतात, आणि हिवाळ्याआधी ते उतरवायचं, हे त्याचं काम. सहा फूट उंच, बैलासारखी मान, आणि सापाला भिणारा. असा भिणारा की बेरिलने जेवणाच्या टेबलावर फोटो ठेवले तर ताट उचलून न्हाणीत जायचा.

"अरे, त्याला विष नाही रे," ती म्हणायची.

"विष नसलं म्हणून काय झालं? पाय नाहीत ना!"



त्या वर्षी एप्रिल कोरडा गेला. चरांत पाणी गुडघ्याएवढं उतरलं होतं. पश्चिमेच्या चरात, जुन्या विलोच्या बुंध्यापाशी, बेरिलला रविवारी एक मोठी मादी दिसली. तिच्या मनगटाएवढी जाड. आजूबाजूला दोन-तीन नर घुटमळत होते. एका मादीभोवती पाच-सहा नर वेटोळे घालून गुंता होतात, हे बेरिलने ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. काठावरून फोटो घेतला तर बुंधा आड येत होता. खाली चरात उतरून समोरून घ्यायला हवा होता.

"पाणी कधी सोडतोयस?" तिने सोमवारी मर्व्हिनला विचारलं. मी तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात होते.

"बुधवारी सकाळी."

"नक्की बुधवारी?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही," ती म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

मंगळवारी ती उतरली. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, खांद्याला पट्टे, गळ्यात कॅमेरा. फोन तिने काठावरच्या पिशवीत ठेवला, भिजू नये म्हणून. पुढचं तिने मला नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने.

सव्वादहाला गुंता जमला. मादी बुंध्याच्या मुळाशी उन्हात पसरलेली, आणि तिच्यावर सहा नर, सगळे एकमेकांत ओवलेले. कुठलं डोकं कुठल्या शेपटीचं ते कळत नव्हतं. मध्येच सगळ्यांच्या अंगातून एकदम थरथर जायची. बेरिल एक पाऊल पुढे सरकली, मग आणखी एक. तिसऱ्या पावलाला खालचा गाळ नुसता सुटला आणि ती मांड्यांपर्यंत आत गेली. तिने कॅमेरा वर धरला. साप हलले नाहीत. तिला तेवढं पुरे होतं. चिखलातून पाय काढायची तिला जन्माची सवय होती, घाई नव्हती. ती फोटो काढत राहिली.

काही वेळाने तिने उजवा पाय ओढून पाहिला. आला नाही. डावा ओढला, तर उजवा आणखी खाली गेला. तेव्हा तिचं लक्ष एका गोगलगायीकडे गेलं. समोरच्या लव्हाळ्याच्या काडीवर, मघाशी पाण्यापासून वीतभर उंच बसलेली ती गोगलगाय आता पाण्याला टेकली होती.

बेरिलला आधी वाटलं, आपणच खचतोय. मग तिने काठाकडे पाहिलं. काठावरची कोरड्या चिखलाची करडी रेघ बुडाली होती. पाण्यावर वाळकी पानं तरंगत होती आणि ती सगळी एकाच दिशेला चालली होती, पूर्वेकडे. दार उघडलं होतं.

तिने हाक मारली. वारा पश्चिमेचा होता आणि पलीकडच्या शेतात ट्रॅक्टर चालू होता. विलोची मुळं तिच्या हाताला लागत नव्हती, दोन बोटं कमी पडत होती. कमरेला टोपलीवाल्यांची आकडी सुरी होती. तिने खांद्याचे पट्टे कापले. रबरी विजार सैल झाली, पण तिच्यात बर्फगार पाणी शिरलं आणि ती पायांभोवती जास्तच आवळली.

मी बाजारातून परत येत होते. बाराला दहा कमी असतील. वाटेत मर्व्हिन सायकलवरून येताना दिसला, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"काय रे, सुट्टी आज?"

"कसली सुट्टी! आधी पश्चिमेचं दार उघडलं, मग बाकीची उघडून आलो. शेजारच्या विन्स्लेडला गुरं उद्या सकाळीच सोडायचीत. चर भरलेले नसले तर त्याची गुरं थेट माझ्या बागेत. म्हटलं, एक दिवस आधी."

"पण तू बुधवारी म्हणाला होतास."

"मग? बुधवार काय पळून जातोय?"

"मर्व्हिन, बेरिल पश्चिमेच्या चरात आहे. खाली उतरणार होती. मला काल रात्री फोनवर म्हणाली."

तो सायकलवरून उतरला नाही. नुसते पाय जमिनीला टेकले आणि माझ्याकडे बघत राहिला.  मग उतरून त्याने सायकल माझ्या अंगावर ढकलली.

"तू तिच्याकडे जा. सरळ जुन्या विलोपाशी. दाराची किल्ली माझ्याकडे आहे, मी दार लावून येतो."

"दार तर उलट्या दिशेला..."

"जा म्हणतो ना!"

मी बावन्न वर्षांची होते आणि त्याची सायकल माझ्यासाठी फार उंच होती. कशी पोचले ते आठवत नाही. काठावर बेरिलची पिशवी दिसली, चहाची बाटली दिसली, बेरिल दिसली नाही. मग खालून आवाज आला.

"सुनी, काठावर जोरात पाय देऊ नकोस. ढासळतोय."

पाणी तिच्या काखांपर्यंत आलं होतं. दोन्ही हात वर, हातांत कॅमेरा. ओठ जांभळे. मी फोन लावला. अग्निशामक दलाची बाई म्हणाली, चाळीस मिनिटं लागतील. मी ते बेरिलला सांगितलं नाही. म्हटलं, "निघालेत."

"कुठून निघालेत ते विचारलंस का?" ती म्हणाली. दात वाजत होते, तरी टोमणा बरोबर बसला.

मी पोटावर पडून माझी शाल तिच्याकडे फेकली. तिने मनगटाला गुंडाळली. मी ओढलं तशी काठाची माती माझ्या छातीखालून सुटायला लागली आणि माझंच डोकं पाण्याकडे झुकलं. ती ओरडली, "सोड! दोघी जाऊ." मी सोडलं नाही, पण ओढायचं थांबवलं. नुसती धरून पडून राहिले. तिच्या हाताची पकड सैल होत चालली होती. मी तिला बोलतं ठेवायला काहीबाही विचारत होते. तिची उत्तरं आखूड व्हायला लागली. एकदा तिने मला तिच्या आईच्या नावाने हाक मारली.

मग ट्रॅक्टर ऐकू आला. शेतात चालू होता तोच, विन्स्लेडचा, आणि वर विन्स्लेडच्या शेजारी मर्व्हिन. मागे शेडजवळच्या गंजीतून उचललेल्या फोकांच्या मोळ्या होत्या, आठ-दहा.

"दार लावलं," तो ओरडत आला. "पण दाराच्या अलीकडे शिरलेलं पाणी अजून अर्धा तास येणार."

त्याने मोळ्या चरात टाकायला सुरुवात केली, एकीवर एक, काठापासून बेरिलपर्यंत. फोकांवर माणसाचं वजन पसरतं, गाळ खाली धरून राहतो. हे तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कमरेला दोर बांधून तो पहिल्या मोळीवर आडवा झाला आणि पुढे सरकला. दुसऱ्या मोळीवर तो थांबला.

पाणी बुंध्याच्या मुळापर्यंत चढलं होतं आणि साप तिथून निघाले होते. कोरडी जागा आता एकच होती: मोळ्या. मादी आधी आली, पाण्यावर मान उंच धरून, संथ. तिच्यामागे बाकीचे.

मर्व्हिनच्या तोंडून एक बारीक, लहान मुलासारखा आवाज निघाला.

"मर्व्हिन," बेरिल म्हणाली. आवाज अगदी खोल गेलेला. "माझ्याकडे बघ. त्यांच्याकडे नको."

"नाही जमणार गं."

"मर्व्हिन."

"नाही जमत!"

"मग मी जाते," ती म्हणाली. धमकी नव्हती त्यात. थकलेलं माणूस झोपायला जातो म्हणतं, तसं.

तो पुढे सरकला. डोळे उघडे होते, मी पाहिलं. एक नर त्याच्या बाहीवरून गेला. दुसरा त्याच्या कोपराखाली सापडला, उलटा झाला, तोंड वासून जीभ बाहेर टाकून मेल्यासारखा पडला आणि त्याने सोडलेला घाण वास पार काठापर्यंत आला. मर्व्हिन रडत होता. मोठ्याने, शिव्या देत, हुंदके देत तो पुढे सरकत होता. बेरिलच्या खांद्याला हात लागला तेव्हा पाणी तिच्या हनुवटीला होतं.

"सुरी," ती म्हणाली.

त्याने तिच्या कमरेची आकडी सुरी काढली आणि डोकं पाण्याखाली घातलं. वर आला, श्वास घेतला, परत गेला. चार वेळा. तो तिच्या पायांवरचं रबर उभं फाडत होता. पाचव्यांदा वर आला तो तिला कवेत घेऊनच. मी आणि विन्स्लेडने दोर ओढला. ती मोळ्यांवरून घसरत काठावर आली, अनवाणी, मांडीला सुरीची एक लांब खोक पडलेली. कॅमेऱ्याचा पट्टा दातांत.

अग्निशामकवाले आले तेव्हा आम्ही तिला ट्रॅक्टरच्या इंजिनाला टेकवून बसवलं होतं.

ती सहा दिवस हॉस्पिटलात होती. पहिले दोन दिवस मर्व्हिन कॉरिडॉरमध्येच बसून राहिला, आत गेला नाही. तिसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्यातलं कार्ड वाळवून, फोटो छापून घेऊन गेले. मीच त्याला हाताला धरून आत नेलं. बेरिल हसली. त्याने फोटो घेतले आणि एकेक बघायला लागला. तोंड वळवलं नाही. मला नवल वाटलं. मग लक्षात आलं, तो साप बघतच नव्हता. फोटोच्या कोपऱ्यात छापलेली वेळ बघत होता.

"मी दार साडेदहाला उघडलं," तो म्हणाला.



"हा अकरा वाजून चाळीसचा. हा अकरा पंचेचाळीस." त्याने सात फोटो पांघरुणावर मांडले. "आधीच्या फोटोत या काडीवर गोगलगाय आहे, यात काडीच पाण्याखाली आहे. तुला कळलं होतं. पाणी छातीला लागलं होतं आणि तू फोटो काढत होतीस."

"हाका मारून झाल्या होत्या," बेरिल म्हणाली.

"म्हणून?"

"म्हणून काय! दुसरं काय करायचं होतं मी तिथे? पाण्याकडे बघत बसायचं?" ती भिंतीकडे वळली. "ते माझ्यासमोर होते. फोटो काढताना भीती वाटत नव्हती. थांबले की वाटायची."

मर्व्हिनने फोटो गोळा केले, टेबलावर ठेवले आणि बाहेर गेला. मी खिडकीतून पाहिलं. वाहनतळाच्या कठड्याला धरून तो बराच वेळ उभा होता.

बेरिलच्या डाव्या पायाची तीन बोटं अजून बधिर आहेत. चरात उतरणं संपलं. काठावरून जेवढं दिसेल तेवढं. मर्व्हिनने निवृत्त होईपर्यंत आणखी चार वसंत ती दारं उघडली. पण प्रत्येक दार उघडण्याआधी तो पूर्ण चर पायी फिरायचा, दोन्ही काठांनी, हातातली काठी आपटत. आमच्या अंगणापर्यंत त्याचा आवाज यायचा.

"कोण आहे का खाली? बाहेर या! माणसांनी आधी!"